कोल्ह्याचं तोंड

भुशीच्या वाडीत सोपानइतका शकुन मानणारा माणूस दुसरा नव्हता. मांजर आडवं गेलं की तो जागच्या जागी फतकल मारून बसायचा आणि दुसरं कुणी ती वाट ओलांडेपर्यंत उठायचा नाही. भारद्वाज दिसला तर मात्र स्वारी खूष; त्या दिवशी बैलांनाही पेंडीची मूठ जास्त मिळायची. अशा माणसाशी कस्तुराबाईनं पंचवीस-तीस वर्षं संसार केला होता. ती म्हणायची, "ह्येंचा शकुन हुईस्तवर मी निम्मी कामं उरकती, म्हनून घर चालतंय."

शिमगा होऊन गेला होता. सोपान त्या सकाळी धुतलेला पटका बांधून, घोंगडी खांद्यावर टाकून लोणावळ्याला निघायच्या तयारीत होता. काम जंगलखात्यातलं होतं. राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, रानातल्या डहाळ्यांचा टहाळ तोडायचा तर परवाना लागायचा, आणि त्यासाठी तो दोनदा जाऊन हात हलवत परत आला होता. टहाळ नाही तर राब भाजता येत नाही, राब भाजला नाही तर भाताचं रोप होत नाही, आणि रोप नसलं तर मावळात माणसानं पावसाळाभर काय बेडूक मोजायचे? त्यामुळं सोपानला त्या दिवशी शकुन हवा होता, आणि तो जरा दणकट हवा होता.

कस्तुरा अंगणात सडा घालत होती. सासू, धोंडाबाई, ओट्यावर बसून मिशेरी लावत होती. उन्हं चांगली अंगणात उतरली होती, आणि तशा लख्ख उजेडात करवंदीच्या जाळीतून एक कोल्हा बाहेर आला.

माणसं बघून तो पळाला नाही. मान खाली घालून, पाय ओढत तो सरळ अंगणाच्या दिशेनं चालत आला. कस्तुरानं शेणाच्या घमेल्यातला हात तसाच उगारला.

"हाकलू नगंस!" सोपान ओरडला. "अगं ए, कोल्ह्याचं तोंड दिसलंय! निघायच्या वक्ताला! आये, बघ बघ, आपल्या पायानं आलंय."

"लक्षुमी हाय रं ती," धोंडाबाई तोंडातली मिशेरी सावरत म्हणाली. सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की दिवस सोन्याचा, हे तिनंच पोराला लहानपणी शिकवलं होतं.

"आवं, पर त्येची चाल बगा की," कस्तुरा म्हणाली. "प्यालेल्या मानसावानी झोकांड्या खातोय. तोंडातनं लाळ गळतीय."

"बायकांना कशात बी खोट दिसती. हात जोड आधी!"

आता नवरा हात जोड म्हणतो, सासू लक्ष्मी म्हणते, मग कस्तुरानं काय करायचं? तिनं शेणानं भरलेले हात जोडले आणि जरा वाकली. कोल्हा चार पावलांवर थांबला, तिच्याकडं बघितल्यासारखं केलं, आणि एकदम झेप घेऊन त्यानं तिचं उजवं मनगट तोंडात धरलं. कडाकड बांगड्या फुटल्या. कस्तुरानं डाव्या हातानं घमेलं उचलून त्याच्या टाळक्यात घातलं, तेव्हा कुठं त्यानं हात सोडला. तिथून तो भेलकांडत शेजारच्या कोंडाजीच्या गोठ्यात शिरला, दाव्याला बांधलेल्या कालवडीच्या नाकाडाला चावला, आणि कोंडाजीनं पहारीच्या घावात त्याला तिथंच आडवा केला.

कस्तुरा अंगणात बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. पण दुखण्यासाठी नव्हे.

"माझ्या बांगड्या! आवं, तुमच्या नावाच्या बांगड्या फुटल्या की वो! आता तुमाला काय व्हायचं न्हाई ना?"

 तिच्या मनगटातून रक्त सांडत होतं, आणि ती सोपानच्या जिवाची काळजी करत होती. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. असल्या कोल्ह्याबद्दल त्यानं पूर्वी एकदा ऐकलं होतं. तो पोर असताना खालच्या वाडीतल्या अंबाजीला रानात कोल्हा चावला होता. जखम भरली, खपली पडली, अंबाजी नांगरसुद्धा धरायला लागला. मग एक दिवस त्याला पाणी गिळेना. पाण्याचा तांब्या समोर आणला की तो किंचाळायचा. शेवटी त्याला गोठ्यात दावं लावून बांधला, आणि माणसं लांबूनच त्याच्या नावानं रडली. सोपाननं ते कुडाच्या फटीतून बघितलं होतं.

धोंडाबाईनं जखमेत चुना भरायला घेतला. "काय न्हाई व्हत," ती म्हणाली. "सात हिरींत डोकावून आन तिला. सातव्या हिरीत आपलं तोंड नीट दिसलं म्हंजी ईख उतरलं."

"आये, भुशीत सात हिरी हायतच कुटं? दोन हायती, त्यातली एक आटलीया."

"मग रेलवेच्या धरनात बघूंदे. येवढं मोटं धरन, सात हिरींच्या बरोबरीचं धर की."

तेवढ्यात कोंडाजी पहार घेऊन आला. कोंडाजीनं काही वर्षं रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये काम केलं होतं, म्हणून जगाची त्याला जरा जास्त खबर असायची. "चुना राहूंदे काकू," तो म्हणाला. "सोपान, लोनावळ्याच्या सरकारी दवाखान्यात ह्याच्या सुया देत्यात. आमच्या गँगमदल्या एकाला पिसाळलेलं कुत्रं चावलं व्हतं. सुया घेतल्या, आजून दणकून भाकरी खातोय. आजच्या आज घेऊन जा."

"सुया कुटं देत्यात?" कस्तुरानं रडणं थांबवून विचारलं.

"पोटात."

"मग मला धरनच दावा," कस्तुरा म्हणाली.

पण सोपाननं तिचं ऐकलं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो पुढं मांजर आहे का, डावीकडं कोण शिंकलं, काही न बघता निघाला. वाट धरणावरूनच जात होती. सासूचं मन मोडू नये म्हणून कस्तुरा काठाशी वाकली आणि पाण्यात बघितलं. विस्कटलेल्या केसांची, रडून डोळे सुजलेली एक बाई तिच्याकडं बघत होती. "दिसलं बाई तोंड," ती म्हणाली, "पर बघन्यासारखं न्हाई." सोपान हसला नाही. तो दहा पावलं पुढं जाऊन थांबला होता, आणि रोजच्यासारखा तसाच पुढं चालत सुटला नव्हता, एवढं मात्र तिला दिसलं.

दवाखान्यात कंपाउंडर कागद घेऊन बसला होता. "पेशंटचं नाव?" त्यानं सोपानला विचारलं.

सोपाननं आढ्याकडं बघितलं. "आमची मंडळी हाय."

"हो, पण नाव काय?"

"आमच्या घरातली."

कंपाउंडरनं चष्म्यावरून बघितलं. नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हणजे लाज सोडणं. लग्नातला एक उखाणा झाला, त्यानंतर "अगं ए" एवढ्यावर सोपानचा सगळा संसार भागला होता. शेवटी कस्तुरानंच सांगितलं, "कस्तुराबाई."

"नवऱ्याचं नाव?"

आता कस्तुरानं पदर दातात धरला. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, आणि आज तर बांगड्याही फुटल्या होत्या. कंपाउंडरनं कपाळाला हात लावला. ज्यानं त्यानं आपापलं नाव सांगितलं, तेव्हा तो कागद पुरा झाला.

डॉक्टर माधवराव तळेगावचे होते. माणूस शांत होता. त्यांनी आधी जखम साबणानं आणि पाण्यानं इतका वेळ धुतली की कस्तुराला वाटलं, हा माणूस आपला हातच विरघळवणार. मग कोल्हा कसा आला, कसा चालला, सगळं विचारून घेतलं. सोपाननं शकुनाचंही सांगितलं. लपवून काय करणार?

"हा रोग मुळात रानातला," माधवराव म्हणाले. "कोल्ह्यांत, लांडग्यांत फिरत असतो. एक दुसऱ्याला चावतो, तो तिसऱ्याला. मधेच कधीतरी एखादा गावाकडे येतो आणि कुत्र्यांना, गुरांना, माणसांना देऊन जातो. म्हणून एक ध्यानात ठेवा. कोल्हा माणसाला बघून पळाला, तर खुशाल शकुन म्हणा. जो दिवसाढवळ्या अंगणात येतो आणि पळत नाही, त्याला शकुन म्हणू नका."

"पर ह्ये रोगाचं दिसतं कसं?" कस्तुरानं विचारलं.

"दिसत नाही. इतका बारीक आहे की आमच्या भिंगातूनसुद्धा दिसत नाही."

"म्हंजी भुतासारखं झालं. दिसत न्हाई, पर धरतं."

माधवराव मनापासून हसले. "अगदी तसंच समजा. फक्त ह्या भुताला लिंबू-नारळ चालत नाही, सुई लागते. मुंबईहून लस येते. पंधरवडाभर रोज यायचं, एक दिवसही चुकवायचा नाही. आणि एवढ्या दिवसांत बाईंनी जड काम करायचं नाही. दळण नाही, पाणी वाहायचं नाही, मोळी नाही, उन्हात राबायचं नाही."

कस्तुराला वाटलं, हे डॉक्टर थट्टा करतायत. "मग करायचं काय?"

"बसून राहायचं."

ती खो-खो हसली. हसताना नुकतीच पोटात टोचलेली सुई दुखली, तरी तिला हसू आवरेना. नांदायला आल्यापासून तिला कुणी "बस" म्हणालं असेल, तर ते फक्त भाताच्या मळणीत, सुपानं पाखडायला.

नंतर माधवरावांनी सोपानला बाहेर नेलं. पण दवाखान्याच्या खिडकीला गज होते, काच नव्हती. कस्तुराला सगळं ऐकू आलं. "बहुतेक काही होणार नाही," डॉक्टर सांगत होते. "वेळेत आणलंत. पण हा रोग उशिरा उठतो. तुमची भातलावणी होईपर्यंत नजर ठेवा. पाणी नकोसं झालं, घशाला अडकायला लागलं, की ताबडतोब घेऊन या. लावणी पार पडली की सुटलात म्हणा."

"आन तसं झालं तर?" सोपाननं विचारलं.

माधवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खिडकीआड कस्तुरानं फुटक्या बांगडीचा पदरात अडकलेला तुकडा काढून कनवटीला लावला. भ्यायलीच ती. पण बाहेर येऊन तिनं विचारलं ते एवढंच, "काय म्हनलं वो डाक्टर?" आणि सोपान म्हणाला, "काय न्हाई. बस म्हनलं."

मग रोजची वारी सुरू झाली. सकाळी भुशीहून निघायचं, धरणाच्या कडेनं, गवळीवाड्याच्या अंगानं लोणावळ्याला जायचं, सुई टोचून घ्यायची आणि उन्हं चढायच्या आत परतायचं. पहिल्या दिवशी सोपान सवयीनं पुढं चालला. दुसऱ्या दिवशी पोट सुजून दुखायला लागलं, कस्तुरा मागं पडली, तर तो थांबत थांबत चालला. तिसऱ्या दिवशी तो बरोबरीनं चालत होता. बंगल्यांतली हवापालटाला आलेली माणसं बघत असत. कस्तुराला इतकी लाज वाटली की तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. पण पदराच्या आत ती हसत होती.

"आवं, लोकं बघत्यात. पुढं चला की."

"बघूंद्यात. पुढं गेल्यावर मागचं मला दिसत न्हाई."

तिसऱ्याच दिवशी वाटेत जंगलखात्याचं हापीस उघडं सापडलं. दोनदा सोपानला परतवून लावणारा कारकून दारातच उभा होता. त्यानं कस्तुराच्या हाताची पट्टी बघितली, कोल्ह्याची हकीकत ऐकली, मग आत जाऊन साहेबाला ती चौपट करून सांगितली, आणि दुपारच्या आत टहाळाचा परवाना सोपानच्या हातात पडला. घरी आल्यावर धोंडाबाई हात नाचवत म्हणाली, "मी काय म्हनलं व्हतं? कोल्ह्याचं तोंड कदी फुकट जात न्हाई!" 

एका दिवशी सोपाननं स्टेशनजवळच्या हॉटेलात तिला चहा पाजला. बाईमाणूस हॉटेलात बसलेलं वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. मागच्या बाकावर भिंतीकडं तोंड करून ती बसली. बशीतला चहा फुंकून फुंकून प्यायली आणि म्हणाली, "गुळाचा बरा." तरी दुसऱ्या दिवशी हॉटेलापाशी तिचे पाय आपोआप मंदावले. येताना सोपान शेंगदाण्याच्या गूळदाणीची पुडी घ्यायचा, आणि ती धोंडाबाईसाठी म्हणून घेतलेली पुडी धरणापर्यंत निम्मी व्हायची.

घरात मात्र मजा होती. मुलगी सोमाटण्याला दिलेली, तिला सहावा महिना, त्यामुळं ती येऊ शकत नव्हती. धोंडाबाईचे गुडघे गेलेले. मग दळायचं कुणी? पहिल्या पहाटे सोपान स्वतः जात्याशी बसला. त्यानं खुंटा धरला, दोन वेढे दिले, आणि जातं जमिनीसकट उखडेल असा जोर लावला.

"बैल न्हाई हाकायचा," कस्तुरा ओट्यावरून म्हणाली. "मनगट सैल सोडा. घास बारीक घाला. आन गाणं म्हना, त्याबिगार जातं फिरत न्हाई."

"मी गाऊ?"

"मग मी गाती." आणि तिनं भिंतीला पाठ टेकून, मांडीवर दुखरा हात ठेवून ओवी धरली:

"जात्या माझ्या दादा, नवल झालं घरी,
बसली घरधनीण, धनी दळण करी."

कुडापलीकडं कोंडाजीची बायको झुंबरबाई दळत होती, तिचं जातं थांबलं. पलीकडून हसण्याचा असा आवाज आला की सोपाननं डोक्यावर घोंगडी ओढून घेतली आणि घोंगडीतूनच दळलं. त्या दिवशी भाकरी कोंड्यासारखी भरड झाली. सोपान पाणी भरायला गेला तेव्हा पाणवठ्यावरच्या बायका त्याला "या सोपानबाई" म्हणाल्या. तो मान खाली घालून हंडा भरून आला, अर्धं पाणी अंगावर सांडलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. धोंडाबाई आधी कुरकुरली, "माज्या लेकाला बाई केला." मग तीच झुंबरबाईला सांगताना ऐकू आली, "माजा सोपान तुज्या घरधन्यापरीस बारीक दळतो."

राबाच्या कामाला कोंडाजीनं इर्जिक घातली. वाडीतले सगळे कोयते घेऊन रानात चढले, टहाळ तोडला, भारे वाहिले, शेण-पाला-गवत थरावर थर रचलं, आणि टहाळ वाळल्यावर सोपानचा राब एका दिवसात भाजून झाला. काळीशार राख खाचरावर पसरली. कस्तुरा बांधावर बसून सगळ्यांना नुसतं ओरडत होती, "तितं जाड झालं! हितं वारा घेतोय!" कुणीतरी म्हणालं, "कोल्ह्यानं हात धरला तर मामलेदारीन झाली बया." सुया संपल्या, दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सोपाननं लोणावळ्यातून येताना हिरव्या बांगड्या आणल्या आणि गुढीपाशी ठेवल्या.  झुंबरबाईनं त्या कस्तुराच्या हातात चढवल्या. उजव्या मनगटावरच्या वणाच्या खाली दोन, वर चार.

सगळं छान चाललं होतं. वैशाखात कोंडाजीची कालवड बिघडली.

सोपान पहाटे तिकडं गेला तो दुपारी परतला. अंगाला माती होती, कोंडाजीबरोबर त्यानं खोल खड्डा खणला होता. "कालवडीला काय झालं वो?" कस्तुरानं विचारलं. "पोट फुगलं," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला. तिनं पुन्हा विचारलं नाही. गरजच नव्हती. बायका पाणवठ्यावर काय फक्त पाणी भरतात? झुंबरबाईनं तिला आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं: कालवड लाळ गाळतेय, आवाज बसलाय, पाण्याची बादली दिसली की दावं तोडायला बघते. सांगून झाल्यावर झुंबरबाईनं जीभ चावली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सोपानचं नवीनच सुरू झालं. कस्तुरा डोळे उघडते तोच हा तांब्या घेऊन उशाशी. "पानी पी."

"आवं, तोंड तरी धुऊंद्या."

"आधी पी."

ती प्यायची. तो तिच्या घशाकडं बघत राहायचा. घोट उतरला की याच्या छातीतून श्वास सुटायचा. शेतात गेली की बांधावर तांब्या. जेवताना तांब्या. सगळ्या आयुष्यात ह्या माणसानं तिला पाण्याचं भांडं पुढं केलं नव्हतं. उलट घरात पाय टाकला की "पानी आन" म्हणायचा. आता दिवसातून दहा वेळा पाणी पाजत होता, आणि का पाजतो ते तिला कळतंय, हे त्याला कळू नये म्हणून ती कुरकुरत प्यायची. "माजी काय म्हस केली काय तुमी?" म्हणायची. पण तो यायच्या आत, अगदी पहाटे, ती स्वतःच हळूच आवंढा गिळून बघायची. गिळला जायचा. मग अंथरुणात डोळे मिटून पडून राहायची, आणि दारात पायांचा आवाज आला की जागं झाल्यासारखं करायची. भीती होतीच. तरी त्या दिवसांइतकं सुख तिनं कधी भोगलं नव्हतं, आणि हे कुणाला सांगायची तर सोय नव्हती.

पाऊस लागला, रोप गुडघ्याला आलं. सोमाटण्याहून निरोप आला की मुलीला मुलगा झाला. लावणी सुरू झाली. आता कुणी तिला बसवू शकलं नाही. लुगड्याचा काचा मारून, डोक्यावर इरलं घेऊन ती बायकांच्या रांगेत उतरली. चिखलात पाय, कमरेत वाक, हातात रोपाची मूठ. अंग असं मोकळं झालं की तिनं रांगेतली गाणी सगळी एकटीनंच म्हटली. सोपान नांगर आणि चिखल सपाट करायचं आळवट सोडून मधूनमधून बांधावर यायचाच. तांब्या हातात.

शेवटचं खाचर उरलं. वाडीची रीत अशी की लावणीचं शेवटचं रोप टोचलं की बायका-पुरुष एकमेकांना चिखल फासून खेळतात. दुपार टळली होती, पावसानं जरा उघडीप दिली होती. कस्तुरानं शेवटची मूठ लावली, सरळ उभी राहिली, आणि तिच्या मनात आलं: लावणी पार पडली. सुटले. डॉक्टरनं सांगितलेली मुदत संपली. तेवढ्यात बांधावरून सोपान तांब्या घेऊन येताना दिसला, आणि इतक्या दिवसांच्या दबलेल्या भीतीचं तिच्या अंगात एकदम खोडसाळ हसू झालं. जरा गंमत करू, तिला वाटलं.

"पानी पी," सोपान म्हणाला.

तिनं तांब्या घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि एकदम अंग थरथरवून तो लांब फेकला. "नगं!" ती किंचाळली. "नगं मला पानी! न्या ते!"

ती लगेच हसणार होती.  पण सोपानचं तोंड बघून तिला हसू येईना. पिसाळलेल्या माणसापासून लोक लांब पळतात. अंबाजीला तर दाव्यानं बांधला होता, सख्खा भाऊसुद्धा जवळ गेला नव्हता. सोपान बांधावरून उडी टाकून सरळ चिखलात आला, गुडघ्यापर्यंत रुतत, धडपडत, आणि त्यानं तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

"कस्तुरा!" तो ओरडला. साऱ्या खाचरावर आवाज गेला. "अगं कस्तुरा! मीच म्हनलो गं हात जोड! मला चावायचं व्हतं ते! कस्तुरा, मला सोडून जाऊ नगंस!"

रांगेतल्या सगळ्या बायका वाकल्या होत्या त्या ताठ झाल्या. एवढा मोठा गडी, पोराबाळांचा बाप, आता आजा, बायकोच्या खांद्यावर तोंड टाकून हमसून हमसून रडत होता.

"आवं... आवं न्हाई वो," कस्तुरा म्हणाली. "गंमत केली मी. मेली माजी गंमत. बगा, बगा हिकडं." तिनं झुंबरबाईची पाण्याची कळशीच ओढली, तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून, चोळीवर सांडलं, तरी थांबली नाही. कळशी रिकामी करून तिनं पालथी करून दाखवली. "बगा! एक थेंब न्हाई ठेवला!"

 सोपान खाली वाकला, ओंजळभर चिखल उचलला आणि तिच्या तोंडावर असा मारला की तिचे डोळे, नाक, सगळं एक झालं.

"आगं बाई, सोपानभावजींनी नाव घेतलं!" झुंबरबाई ओरडली. "दोनदा न्हाई, तीनदा घेतलं!" आणि मग जो चिखल उडाला, तसा भुशीत त्याआधी कुठल्या लावणीला उडाला नव्हता. कोंडाजीला बायकांनी आडवा पाडला. सोपानचा पटका खाचरात गेला तो सापडेना. तो रडत होता की हसत होता, चिखलामुळं कुणाला सांगता येत नव्हतं.

सगळे दमून बांधावर बसल्यावर बायकांनी कस्तुराला धरलं. त्यांनी नाव घेतलं, आता तू घे. घेतल्याशिवाय घरी सोडणार नाही. कस्तुरानं सवयीनं पदर दातात धरला, पण पदर चिखलानं भरलेला होता. तिनं तो थुंकून टाकला, नवऱ्याकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"कोल्ह्यानं धरला हात, बांगड्यांचा झाला चुरा,
सोपानराव पानी पाजत्यात, म्हनून जगली कस्तुरा."

घरी धोंडाबाईला सगळं कळलं तेव्हा तिनं लेकाकडं, सुनेकडं आणि दाराबाहेरच्या करवंदीच्या जाळीकडं आळीपाळीनं बघितलं. "तरी मी म्हनत व्हते," ती म्हणाली, आणि मिशेरीची डबी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरानं डोळे उघडले तर सोपान उशाशी तांब्या घेऊन उभा.

"आवं, लावनी झाली की," ती म्हणाली. "डाक्टरची मुदत सपली. मी ऐकलं व्हतं सगळं खिडकीतनं. आता कशाला?"

 सोपान तांब्या तिच्यापुढं करून म्हणाला, "तहान लागली आसंल."